मोटर पाणी ओढत नाही, ढकलते ती हवा

फेब्रुवारी उलटला की बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटावरच्या विहिरी खाली जायला लागतात. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सगळीकडे तीच कथा. पाणी खाली गेलं की मोटर हवा धरते आणि घरात एकच उपाय निघतो: तीनची काढा, पाचची बसवा. कर्ज वाढतं, पाणी तेवढंच राहतं. म्हणून पहिला गैरसमज जरा सविस्तर सोडवायला हवा.

मोठी मोटर जास्त खोलवरून पाणी ओढते, हे खरं नाही. काठावर बसवलेला पंप पाणी ओढतच नाही. इंपेलर फिरला की सक्शन पाईपमधला दाब कमी होतो आणि विहिरीतल्या पाण्यावर असलेला हवेचा दाब ते पाणी पाईपात वर ढकलतो. ढकलणारी हवा, त्यामुळे मर्यादाही हवेचीच. समुद्रसपाटीला ती सुमारे 10.3 मीटर. पंप एका ठरावीक उंचीपलीकडे पाणी चढवू शकत नाही, हे गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात नोंदवलं होतं. पुढे काही वर्षांतच टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीवर हवेचा दाब मोजून दाखवला. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंच आहे. तिथे ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते, आणि तीही कागदावरची. फुटवॉल, बेंड, पाईपातलं घर्षण हे सगळं वजा केलं की हाती 20 ते 22 फूट उरतात. 3 एचपीला जेवढे, 10 एचपीलाही तेवढेच.

उलट त्याच सक्शन पाईपवर मोठी मोटर चढवली तर पाण्याचा वेग वाढतो, घर्षण वाढतं आणि दाब इतका उतरतो की पाईपात पाण्याची वाफ व्हायला लागते. पंपातून खडी घुसळल्यासारखा आवाज येतो तो याचाच. असा पंप उघडून पाहा, इंपेलरच्या पात्यांवर बारीक बारीक खड्डे पडलेले दिसतील. विहिरीत गर्डर टाकून मोटर पाण्याजवळ उतरवणं किंवा पाण्यातच बसणारा पंप घेणं, इलाज एवढाच.

मोटर हवा धरते म्हणजे दरवेळी पाणीच कमी झालं असंही नाही. फुटवॉलच्या पट्टीत कचरा अडकला की रात्रीतून पाईप रिकामा होतो आणि सकाळी पुन्हा पाणी भरत बसावं लागतं. खारपाण पट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, लोखंडी फुटवॉल गंजूनही गळतो. शिवाय सक्शन पाईप पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा राहिला तर तिथे हवा साचून बसते. फुटवॉल तळातल्या गाळापासून वर आणि पाण्याच्या पातळीपासून निदान दोन फूट खाली असावा. नाहीतर पाण्यात भोवरा तयार होऊन त्यातून हवा आत शिरते.

पाईप बारीक केला की जोर वाढतो, हा समज नळीच्या टोकावर बोट धरल्यावर लांब जाणाऱ्या धारेवरून पडला असावा. धार लांब जाते, पण पाणी कमी पडतं. तेवढंच पाणी अडीच इंचीऐवजी दोन इंची पाईपातून न्यायचं तर घर्षण सुमारे तिप्पट होतं. डिलिव्हरीचं तोंड उंच नेऊन हौदात धबधबा पाडण्याची हौसही महागातली. वर चढवलेला प्रत्येक फूट मोटरने उचललेला असतो, आणि खाली पडताना त्यातलं काहीही परत मिळत नाही. तोंड हौदाच्या कडेपर्यंत खाली आणा, पाणी वाढेल.

सौर पंपावर हे जास्तच जाणवतं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंप जमिनीच्या क्षेत्रावर ठरतो: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाचपर्यंत 5, त्यापुढे साडेसात. एचपी वाढवून चुका झाकायची सोयच नाही, आणि पॅनेल ढगाळ दिवशी देईल तेवढीच वीज. बारीक पाईप आणि नको ते बेंड तिथे थेट पाण्यातून वजा होतात.

राहिला बोअरचा सबमर्सिबल. तो पाण्यात बुडालेला असतो, म्हणून विहिरीतही थंडच राहील, असं अनेकांना वाटतं. या पंपात मोटर खाली आणि पाणी आत शिरण्याची जाळी तिच्या वर असते. बोअरमध्ये झरा जाळीच्या खाली असला की पाणी मोटरीला घासून वर जातं आणि तिला थंड ठेवतं. रुंद विहिरीत पाणी बाजूने सरळ जाळीत शिरतं, मोटरीभोवतीचं पाणी जागच्या जागी तापत राहतं आणि वाइंडिंग जळतं. मोटरीपेक्षा थोड्या मोठ्या पीव्हीसी पाईपचा तुकडा पंपावर असा चढवा की जाळीच्या वर तो बंद राहील आणि मोटरीच्या खाली उघडा. मग पाण्याला मोटरीवरूनच जावं लागतं. नाहीतर विहिरीसाठीच बनवलेला आडवा ओपनवेल पंप घ्यावा.