गावचे दप्तर आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर

गावचे दप्तर आता कागदाप्रमाणेच संगणकातही राहू लागले आहे. सहकारी संस्थेची सभासद यादी, दूध संकलनाचा हिशेब, निर्यातीच्या द्राक्षबागेतील फवारणीच्या नोंदी, पाणलोटातील बंधाऱ्यांचे नकाशे ही सर्व कामे संगणकावर आणि मोबाईलवर होत आहेत. यंत्र विकत घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु त्या यंत्राकडून काम करवून घेणारे सॉफ्टवेअर कोणत्या अटीवर मिळाले आहे आणि उद्या ते बंद पडले तर आपल्या नोंदींचे काय होईल, याचा विचार क्वचितच केला जातो.

पुष्कळ ठिकाणी विनापरवाना भरून दिलेली प्रत वापरात असते. ती बेकायदेशीर तर असतेच. शिवाय तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर मिळतील याची शाश्वती नसते. दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे मे २०१७ मध्ये दिसून आले. त्या वेळी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. तो संगणकातील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. केरळमधील काही ग्रामपंचायत कार्यालयांचे संगणकही त्याच्या तडाख्यात सापडले. या दोषावरील दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. परंतु असंख्य यंत्रांवर ती लावलेलीच नव्हती. अशा स्थितीत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा पर्याय, त्याच्या लाभांसह व उणिवांसह, समजून घेणे अगत्याचे आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

कोणतेही सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला द्यावयाच्या सूचनांची लांबलचक संहिता होय. बहुतेक व्यापारी कंपन्या ही मूळ संहिता गुप्त ठेवतात आणि केवळ वापरण्याचा परवाना विकतात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची मूळ संहिता मात्र सर्वांना खुली असते. ती कोणीही पाहावी, वापरावी, तीत सुधारणा करावी आणि सुधारलेली प्रत इतरांस द्यावी, असा हक्क परवान्यानेच दिलेला असतो.

शेतकऱ्यांना ही कल्पना नवी नाही. सरळ वाणाचे बी घरी राखून पुढील हंगामात पेरता येते, शेजाऱ्यासही देता येते. संकरित बियाणे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. दोन्हींचे आपापले स्थान आहे. फरक आहे तो अवलंबनाचा.

या विचाराची चळवळ अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' या प्रणालीचा गाभा तयार करून तो सर्वांस खुला केला. आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाईल याच गाभ्यावर चालतो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. मोबाईलवर फुकट मिळणारे प्रत्येक ॲप मुक्तस्रोत नसते. अनेकांची किंमत जाहिरातींच्या किंवा आपल्या माहितीच्या रूपाने वसूल होते. तसेच मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरल्याने आपल्या नोंदी जगाला खुल्या होत नाहीत. खुली असते ती संहिता. दप्तर आपलेच राहते.

लाभ

पहिला लाभ खर्चाचा. लिबरऑफिस हा पत्रव्यवहाराचा व हिशेबाच्या तक्त्यांचा संच, फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिनक्सच्या अनेक आवृत्त्या परवाना शुल्काशिवाय मिळतात. एका संगणकावर वा पन्नासांवर वापरल्या तरी शुल्क पडत नाही.

दुसरा लाभ जुन्या यंत्रांचा. विंडोज १० या प्रणालीस नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले आणि तिच्या पुढील आवृत्तीस अनेक जुनी यंत्रे चालत नाहीत. असे सुस्थितीतील यंत्र भंगारात काढण्यापूर्वी त्यावर लिनक्सची हलकी आवृत्ती चालवून पाहावी. साध्या कामासाठी ते आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते.

तिसरा लाभ टिकाऊपणाचा, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. २०१० मध्ये ओपनऑफिस या प्रसिद्ध संचाची मालक कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. संचाच्या भवितव्याविषयी शंका उत्पन्न होताच त्यावर काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी खुली संहिता घेऊन त्याच वर्षी लिबरऑफिस सुरू केले आणि ते आजही चालू आहे. संहिता गुप्त असती तर हे शक्य झाले नसते. लिबरऑफिसच्या फाईलींचा नमुनाही खुला असून २००६ पासून त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. म्हणून आजची सभासद यादी दहा वर्षांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येण्याची शक्यता अधिक राहते.

चौथा लाभ आपल्या गरजेनुसार बदल करण्याचा. क्यूजीआयएस हे २००२ पासून विकसित होत असलेले नकाशांचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. मोबाईलवर घेतलेली विहिरींची, बंधाऱ्यांची व नालाबांधाची ठिकाणे त्यात भरून गावाचा नकाशा तयार करता येतो. मुंबईच्या आय.आय.टी.ने नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पासाठी पाण्याचा ताळेबंद मांडणारे साधन याच सॉफ्टवेअरला जोडून बनविले. पाया खुला असल्याने सर्व इमारत नव्याने उभारावी लागली नाही. मात्र असा नकाशा नियोजनापुरताच समजावा. हद्दीच्या वादात भूमि अभिलेख खात्याची मोजणीच ग्राह्य धरली जाते.

पाहणीच्या कामासाठी ओडीके हे साधनही उपयुक्त आहे. त्यावर बनविलेला प्रश्नांचा तक्ता शिवारात नेटवर्क नसताना मोबाईलवर भरता येतो आणि नेटवर्क मिळताच पाठविता येतो.

उणिवा

आता दुसरी बाजू पाहू. पहिली उणीव अशी की, सॉफ्टवेअर मोफत असले तरी ते शिकणे मोफत नसते. हात बसलेली पद्धत बदलताना काम काही काळ मंदावते. लिनक्स नीट जाणणारा कारागीर प्रत्येक तालुक्यात सापडेलच असे नाही. बिघाड झाल्यास तक्रार करण्यास ठरावीक विक्रेता नसतो. पैसे देऊन सेवा घ्यावी लागते किंवा स्वतः शोध घ्यावा लागतो.

दुसरी उणीव जुळणीची. टॅलीसारखा हिशेबाचा प्रचलित प्रोग्रॅम विंडोजसाठी बनविलेला आहे. काही प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल स्वाक्षरीची टोकने लिनक्सवर चालत नाहीत किंवा खटपटीनंतर चालतात. दुसऱ्या संचात केलेले गुंतागुंतीचे तक्ते लिबरऑफिसमध्ये उघडल्यास मांडणी बिघडू शकते.

मराठी मजकुराबाबत विशेष काळजी घ्यावी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. हा दोष मुक्त सॉफ्टवेअरचा नसून जुन्या पद्धतीचा आहे. परंतु बदल करताना तो प्रथम समोर येतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि पुढील टंकलेखन इनस्क्रिप्ट पद्धतीने शिकावे. ती विंडोज व लिनक्स दोन्हींवर उपलब्ध आहे.

तिसरी उणीव देखभालीची. संहिता खुली आहे म्हणजे ती कोणी तपासतेच, असे मानणे चुकीचे ठरेल. संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' हा गंभीर दोष सुमारे दोन वर्षे लपून राहिला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे आढळले. संहिता खुली असल्यामुळेच एका दक्ष अभियंत्यास ती शोधता आली, हे खरे. परंतु एवढ्या महत्त्वाच्या साधनाची राखण जवळजवळ एकच स्वयंसेवक करीत होता, हेही तितकेच खरे. सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्व भरतात, पण गाळ काढण्यास थोडेच येतात, तशीच ही स्थिती आहे.

दोन अनुभव

केरळमधील सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाते. तेथे केवळ संगणक वाटले गेले नाहीत. शिक्षकांस प्रशिक्षण देण्यात आले आणि मल्याळम भाषेतील साधने व पाठ्यपुस्तके त्यानुसार तयार करण्यात आली. उलट जर्मनीतील म्युनिच नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचे ठरवून २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. परंतु काही प्रोग्रॅम विंडोजवरच चालत असल्याने दोन्ही व्यवस्था सांभाळाव्या लागल्या, तक्रारी वाढल्या आणि २०१७ मध्ये परत फिरण्याचा निर्णय झाला. सॉफ्टवेअर फुकट मिळाल्याने बदल यशस्वी होत नाही. तो सांभाळणारी माणसे आणि टिकून राहणारा निर्णय लागतो, हा बोध या दोन अनुभवांतून मिळतो.

भारत सरकारने २०१५ च्या धोरणान्वये आपल्या ई-प्रशासन प्रणालींसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे ठरविले आहे. म्हणून हा विषय केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

निवड कशी करावी?

संस्थेने अथवा कार्यालयाने निर्णय घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत :

१. सध्या कोणती कामे, कोणते प्रोग्रॅम आणि कोणती जोडयंत्रे वापरात आहेत? त्यांपैकी कोणती लिनक्सवर चालणार नाहीत?

२. बिघाड झाल्यास कोण दुरुस्त करील? त्याचे नाव व मोबदला ठरला आहे काय?

३. आपल्या नोंदी खुल्या नमुन्यात बाहेर काढता येतात काय?

४. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती अलीकडे निघाली आहे काय? वर्षानुवर्षे दुरुस्ती न झालेले सॉफ्टवेअर घेऊ नये.

यानंतर बदल टप्प्याटप्प्याने करावा. प्रथम सर्व नोंदींच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पुढे विंडोज कायम ठेवून त्यावरच लिबरऑफिस व फायरफॉक्स वापरून पाहावेत. ते तेथेही चालतात. सॉफ्टवेअर नेहमी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. एक हंगाम काम सुरळीत चालल्यास एका जादा यंत्रावर लिनक्सची चाचणी घ्यावी. हिशेबाचे आणि डिजिटल स्वाक्षरीचे यंत्र शेवटपर्यंत बदलू नये. मार्चअखेरच्या घाईत तर कोणताही बदल करू नये.

जेथे जुळणी होत नसेल तेथे परवाना रीतसर विकत घेणे, हाच योग्य मार्ग होय. वाचलेल्या शुल्काचा काही भाग गावातील एखाद्या होतकरू तरुणाच्या अथवा तरुणीच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. संहिता खुली असली तरी तिचा लाभ ती वाचणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या हातांनीच मिळतो, आणि असे हात गावातच तयार झाले तर गावचे दप्तर परक्याच्या कुलपात राहणार नाही.