शून्याची वीसपट

कर्जतहून काशेळ्याकडे किंवा खालापुराहून खोपोलीकडे जाताना गाव संपलं की जरा अंतर राखून, ओढ्याच्या काठाला किंवा माळावर, एखादी वाडी दिसते. कातकरवाडी. तिथलं जुन्या पद्धतीचं घर अजून उभं असेल तर जवळ जाऊन पाहावं. कारवीच्या काठ्या शेजारीशेजारी रोवून बांधलेला कुड, त्याला आतून-बाहेरून शेणमातीचं लिंपण, वर पेंढा नाहीतर कौलं. भिंतीत खिळा सापडायचा नाही. सामान रानातलं, मजुरी घरच्यांची, तेव्हा घर राहणाऱ्याचंच. आता ते ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा काढा. कितीतरी वाड्यांच्या बाबतीत त्यावर भलत्याच कुणाचं नाव निघतं.

वर एक मालक, खाली दुसरा, आणि तरी हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. ते कसं, हे कळलं की थक्क व्हायला होतं. जागेचं भाडं होतंच, फक्त ते पैशात नव्हतं. पाऊस लागला की आधी जमीनमालकाच्या खाचरात लावणी, मग आपली कुठे मजुरी. बांध घालायचा, राब भाजायचा, पिकाची राखण करायची, लाकूड फोडायचं. मोबदला मिळे तो कमी, कधी नुसता भाताचा. कधीकाळी खैराचा काथ पाडणारी, रानावर जगणारी ही जमात. जंगलावर सरकारी मालकी बसत गेली, तसे कातकरी गावांच्या कडेला आले. जमीनवाल्यांना माणूसबळ हवं होतं, यांना टेकायला जागा हवी होती. कागद झाला नाही, कारण कागदाची गरज एकाच बाजूला होती आणि ती बाजू निरक्षर होती.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हा सगळा व्यवहार कायद्याला ठाऊक होता. १९४८चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आपण ‘कसेल त्याची जमीन’ एवढ्यापुरताच लक्षात ठेवतो. पण त्याची सोळा ते अठरा ही कलमं शेतावरची नाहीत, घरावरची आहेत. जमीनमालकाच्या जागेत कुळाने किंवा त्याच्या पूर्वजांनी स्वखर्चाने घर बांधलं असेल, तर त्याला त्या घरातून सहजासहजी काढता येत नाही, असं कलम १६ सांगतं. मालकाने ती जागा विकायला काढली तर खरेदीचा पहिला हक्क घरवाल्याचा, हे कलम १७. आणि हे संरक्षण एकट्या कुळांपुरतं न ठेवता शेतमजूर आणि कारागिरांनाही लागू करणारं कलम १८. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुडाच्या भिंती नक्की असणार! याच कायद्याच्या कलम ११ने कायदेशीर खंडाखेरीज कुळाकडून कुठलीही सेवा वसूल करायला बंदी घातली आहे. मूळ कायद्यात पुढे आणखी भर पडली आणि अशी जागा घरवाल्याने विकत घेतलीच असं मानण्याची तरतूद आली. किंमत ठरली जागेच्या वार्षिक भाड्याच्या वीसपट.

आता गणित करा. भाडं पैशात कधी दिलंच नाही, म्हणजे वहीवर ते शून्य. शून्याची वीसपट शून्य. आणि लावणीचे, राखणीचे दिवस त्या त्या काळच्या मजुरीने मोजले, तर असा प्रश्न पडतो की इतक्या वर्षांत ती जागा किती वेळा विकत घेऊन झाली असेल?

कायद्याच्या पुस्तकात हे इतकं सरळ आहे. कचेरीत मात्र पहिला प्रश्न येतो: पुरावा काय? भाड्याची पावती मागितली जाते, आणि घामाची पावती कोण फाडणार? मग शोध सुरू होतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद आहे का, घरपट्टीची एखादी चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत उरली आहे का, शाळेच्या दाखल्यावर वाडीचं नाव आहे का. सातबाऱ्यात ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. त्यात राहणाऱ्याची नोंद लागली तर जमीन विकत घेणाऱ्यालाही ती दिसते. तो रकाना कोरा असला, तर कागदाच्या लेखी वाडी नाहीच.

पावतीपेक्षा मोठी अडचण भीतीची. कर्जत-खालापूरच्याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ असा शेतं न कसण्याचा संप चालवला. खोताला झुकवायला त्यांच्या हातात नांगर होता. कातकऱ्याकडेही अडवून धरायला श्रम होतेच, पण काम नाकारलं की त्याच दिवशी डोक्यावरच्या छपराचा प्रश्न उभा. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा त्याच्याच शेतात उद्या मजुरी आहे, आजारपणात उसने पैसेही त्याच्याचकडून आणायचे आहेत. अशा माणसाला जागृती नाही म्हणणं फार सोपं आहे.

हे कोकणातच घडतं असंही नाही. इंग्लंडातल्या शेतमजुरांना मालकाच्या शेतावरचं घर नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबरच जाई. त्यांना भाडेकरूसारखं संरक्षण देणारा कायदा तिथे झाला १९७६मध्ये. आपला वेठबिगारी पद्धती निर्मूलन कायदाही १९७६चाच. त्याचं आठवं कलम म्हणतं की मुक्त झालेला वेठबिगार कायदा लागू होताना वेठीच्या मोबदल्यात ज्या घरात राहत होता, त्या घरातून त्याला काढता येणार नाही. घर हा मजुरीचा भाग असतो आणि म्हणून बेडीही असतो, हे दिल्ली आणि लंडन दोघांनी एकाच वर्षी कायद्यात लिहिलं.

कर्जत-खालापुरात मधल्या काळात एक गोष्ट बदलली: जमिनीचा भाव. २००२मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, फार्महाऊसं आणि सेकंड होमच्या स्कीमा आल्या. जुन्या मालकाला वाडी हवी होती, कारण वाडी म्हणजे मजूर. मुंबईच्या नव्या मालकाला लावणी करायचीच नाही. त्याला मोकळा प्लॉट हवा. तारेचं कुंपण पडतं, पाण्याची वाट अडते, घराला पडवी काढू दिली जात नाही. जुनी वेठ वाईट खरी, पण तिच्यात राहू देण्याचा एक स्वार्थ होता. कुंपणाला तोही नाही.

या कुंपणांविरुद्ध वाड्या कशा उभ्या राहिल्या, याची हकिगत ‘फायटिंग इव्हिक्शन’ या २०१३च्या पुस्तकात आहे. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर हे त्याचे मुख्य लेखक. काशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सच्या कामाशी खेडकरांचं नातं जुनं. वाडीतल्यांनी एकत्र बसून आपण इथे कधी आलो, कुणाच्या जागेत आहोत, अर्ज केला तर कोण दुखावेल हे स्वतःच मांडून पाहायचं, आणि मगच कचेरीची पायरी चढायची, अशी ती रीत. मागणी गावठाणाची. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १२२ने गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. एकेकट्या घराने भांडायचं ते कुळकायद्याच्या आधाराने. अख्ख्या वाडीने मागायचं ते गावठाण. मला दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात कुणा एकाचं नाव मालकाच्या नजरेत भरत नाही.

सरकारी योजनांचं कुलूपही याच किल्लीने उघडतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत या जमातींच्या पक्क्या घरासाठी २.३९ लाख रुपये धरले आहेत. पण घरकुल बांधायचं कुठे? यादीत नाव असून जागा नावावर नाही म्हणून प्रकरण अडकतं. सरकारला एक रुपयाचीही कपात जाहीर करावी लागत नाही. जागेची अट तेवढं काम परस्पर करते. शिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर विटांचं घर उठू लागलं की मालक हरकत घेतो, कारण कुड हलवता येतो, जोतं हलत नाही.

दसरा-दिवाळीनंतर यातली बरीच कुटुंबं बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात. तिथलं घर पाहिलंत तर पुन्हा थांबाल. कच्च्या विटा एकावर एक नुसत्या रचलेल्या, मध्ये गारा नाही, उंची वाकून आत शिरण्याएवढी, वर पेंढा किंवा ताडपत्री. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हजार विटांवर होतो, आणि आधी घेतलेला बयाणा त्यातून वळता होतो. हंगाम संपला की छप्पर उतरवायचं आणि भिंतीच्या विटा मालकाच्या ढिगात. १९४८च्या कलमात बसायला घर स्वखर्चाने बांधलेलं लागतं; इथे भिंतही मालकाच्या मालाची. १९७६च्या कलमात बसायला कायदा आला तेव्हा तिथे राहत असावं लागतं. ही खोपटी दर वर्षी नवी. पावसाळ्याच्या तोंडाला कुटुंब परत निघतं ते वाडीकडे, आणि परतल्यावर आपला कुड कुंपणाच्या अलीकडे सापडेल की पलीकडे, हे ‘इतर हक्कां’च्या त्या रकान्यात काय लिहिलं आहे त्यावर ठरतं.