कॉलेजच्या इमारतीचं कर्ज कोण फेडणार? समजून घ्या ‘हेफा’चं गणित

समजा, एखाद्या आयआयटीला नवं वसतिगृह बांधायचंय. पूर्वी अशा कामासाठी केंद्र सरकार थेट अनुदान द्यायचं. आता मोठ्या बांधकामांसाठी कर्जाचा मार्ग आहे. वसतिगृह तेच, खर्चही तेवढाच, पण बिल कुणाच्या नावावर फाटणार हे बदललंय. बिल भरणाऱ्यांत आज पाचवी-सहावीत शिकणारी मुलंही असू शकतात. कशी, ते पाहूया.

हेफा म्हणजे काय?

हेफा म्हणजे हायर एज्युकेशन फायनान्सिंग एजन्सी. केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांनी मिळून २०१७ मध्ये ही कंपनी स्थापन केली. ती बाजारातून पैसा उभारते आणि केंद्राच्या शिक्षणसंस्थांना दहा वर्षांच्या मुदतीचं कर्ज देते. २०१८ च्या अर्थसंकल्पात या मार्गाने चार वर्षांत १ लाख कोटी रुपये गुंतवण्याचं लक्ष्य जाहीर झालं.

परतफेड कोण करतं?

संस्थेच्या वयानुसार नियम ठरले. जुन्या तांत्रिक संस्थांनी मुद्दल पूर्णपणे स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचं, २००८ ते २०१४ दरम्यान सुरू झालेल्या तांत्रिक संस्थांनी २५ टक्के आणि २०१४ पूर्वीच्या केंद्रीय विद्यापीठांनी १० टक्के. उरलेलं मुद्दल आणि व्याज यांचा भार सरकारचा. २०१४ नंतरच्या संस्थांचं सगळंच सरकार भरतं.

आता संस्थेचं ‘स्वतःचं उत्पन्न’ म्हणजे काय? संशोधनातून मिळणारा पैसा आणि विद्यार्थ्यांची फी.

एक काल्पनिक हिशोब करू. १०० कोटींचं कर्ज, दहा वर्षांची मुदत, म्हणजे दरवर्षी १० कोटी मुद्दल. विद्यार्थी ५,००० असतील आणि सगळी रक्कम फीमधूनच काढायची ठरली, तर डोक्यामागे वर्षाला २० हजार रुपये. इमारत पन्नास वर्षं टिकेल, पण तिचे पैसे दहा वर्षांतल्या बॅचेस भरतील.

मग फुकट द्यायचं का?

कर्जाच्या बाजूनेही दमदार मुद्दा आहे. शेतमजूरसुद्धा साबण घेताना कर भरतो. त्याच्या पैशावर शिकून लाखोंचं पॅकेज घेणाऱ्याने थोडा भार उचलला तर बिघडलं कुठे? शिवाय सरकारही अनुदानासाठी कर्जच काढतं आणि तेही पुढच्या पिढीच्याच माथी येतं.

पण दोन्हींत फरक आहे. सरकारी कर्ज फेडताना भार सगळ्या करदात्यांवर पसरतो आणि निदान प्राप्तिकरात तरी जास्त कमावणारा जास्त भरतो. फी मात्र नोकरी लागण्याआधीच भरावी लागते. २०१६ मध्ये आयआयटीची बी.टेक.ची वार्षिक फी ९० हजारांवरून २ लाख झाली. तेव्हा अनुसूचित जाती-जमातींच्या, दिव्यांग आणि गरीब घरच्या विद्यार्थ्यांना सवलत दिली गेली. मधल्या उत्पन्नाच्या घरांपुढे बहुतेकदा शैक्षणिक कर्जाचाच पर्याय उरतो.

दुसरी अडचण विषयांची. इंजिनिअरिंग, मॅनेजमेंटची फी वाढवता येते. पाली, इतिहास किंवा मूलभूत गणिताच्या विभागाने कर्ज कशाच्या जोरावर फेडायचं? ज्याची फी वसूल होते तेच बांधायचं ठरलं, तर पुढच्या पिढीला काय शिकायला मिळेल हेही आजच ठरून जातं.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा झपाट्याने वाढल्या, ग्रामीण मुलांना परराज्यात न जाता शिकता आलं. पण खर्च घरांवर गेला. ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्द आपल्याकडे रुळला आणि अनेक प्राध्यापक आजही तासिका तत्त्वावर शिकवतात.

पुढे काय?

कोठारी आयोगाने १९६६ मध्येच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करा असं सुचवलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तेच लक्ष्य पुन्हा आलं. त्याच धोरणानुसार प्रत्यक्ष खर्च होता ४.४३ टक्के.

आज शिकवणाऱ्या आणि धोरणं ठरवणाऱ्या कितीतरी जणांची पदवी नाममात्र फीत झाली, कारण बाकीचा खर्च आधीच्या पिढीच्या करदात्यांनी उचलला होता. त्यामुळे पुढच्या वेळी नव्या कॅम्पसचं भूमिपूजन होईल, तेव्हा आकड्यासोबत एक प्रश्न जरूर विचारा: हे अनुदान आहे की कर्ज? आणि कर्ज असेल, तर त्याचे हप्ते कोणत्या बॅचच्या फीमध्ये दिसणार आहेत?