बंब मोडावा की झाळावा?

तांब्याचा बंब गळू लागला, तर काय करावे? मोडीत घालून गीझर आणावा, की डाग लावून आणखी चार हिवाळे काढावेत? गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गोंदियाच्या घरात ह्या प्रश्नावरून दोन तट पडले. एका बाजूला आमचे 'हे' आणि मुले, दुसऱ्या बाजूला एकट्या सासूबाई. मी मध्ये. सुनेची जागा बहुधा तीच असते!

सासूबाई लग्न होऊन ह्या घरी आल्या १९६८ साली. त्याच वर्षी हा बंब पुण्याच्या तांबट आळीतून आगगाडीने इकडे आला. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ती आळी; त्यांच्या हातोडीचे मठार अजून बंबाच्या अंगावर लखलखतात. आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. पण थंडीत पारा १० अंशांखालीही उतरतो, हे मुंबईच्या पाहुण्यांना पहाटे मोरीत गेल्याशिवाय पटत नाही.

ह्यांचे म्हणणे सरळ होते. लाकडाच्या ढलप्या आणा, राख उपसा, धूर खा. एवढे करून पाणी गळतेच. मोडवाला तांब्याचा भाव वजनावर देतो, त्यात थोडी भर घातली की गीझर आला. वीज किती जाईल, तेही त्यांनी कागदावर मांडले. २० लिटरची बादली १५ अंशांवरून ४२ वर न्यायला सुमारे ०.६३ युनिट लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या धरल्या, तर सव्वातीन युनिटांच्या आसपास. हिशेब चोख होता.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "पाचला उठून बंब पेटवायचा, हे एकच काम तुम्ही माझ्याकडे ठेवलंय."

ह्याला कागदावर उत्तर नव्हते. पण त्यांचा खोकलाही मी रोज ऐकत होते. धूर त्यांच्या छातीला सोसत नव्हता, आणि ते त्या कबूल करीत नव्हत्या.

मी म्हटले, आधी कुठे गळते ते तर पाहू या. भंडारा ही पितळी भांड्यांची जुनी पेठ, आणि १ मे १९९९ पर्यंत गोंदिया त्याच जिल्ह्यात होते. तिकडचे एक म्हातारे कारागीर आले. त्यांनी बंब आडवा केला, मधल्या नळीत विजेरी धरली, बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "आजी, भांडं पक्कं हाये. नळी गेली."

बंबात विस्तव नळीत आणि पाणी तिच्या भोवती. आमचे बोअरचे पाणी जड. वर्षानुवर्षे नळीवर क्षारांचे पुट चढते. मग उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, पत्रा फाजील तापतो आणि झिजतो. बाहेरच्या भांड्याला मात्र ना ज्वाळ लागते ना राख. म्हणून तोटी गळत असेल किंवा जाळी जळाली असेल, तर दुरुस्ती किरकोळ. नळी पातळ झाली असेल, तर डाग लावण्यात अर्थ नाही, सबंध नळी बदलावी. आणि बाहेरचा पत्राच विरला असेल, तर खुशाल मोडीत घालावा. कथलाचा डाग स्वस्त पडतो खरा, पण कथील २३२ अंशांवर वितळते. पाणी न भरता बंब एकदा पेटला, की डाग गेलाच. तांबे १,०८५ अंशांपर्यंत टिकते. नवी नळी पक्की झाळून बसवायची मजुरी गीझरच्या किमतीच्या निम्म्याच्याही आत होती.

गीझरही काही अमर नसतो. त्याची कॉइल बदलता येते, थर्मोस्टॅटही बदलता येतो. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. ती वेळेवर बदलली नाही, तर टाकी गंजते, आणि गंजून गळणाऱ्या टाकीला दुरुस्ती नाही. शेजारणीने गॅसचा गीझर सुचवला होता. आमच्या मोरीला खिडकी नावापुरती, म्हणून मी नाही म्हटले. हवा पुरली नाही, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. जळत्या बंबातूनही तोच वायू निघतो. बंद मोरीत तो आणून ठेवणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

शेवटी नळी बदलली आणि विजेचा गीझरही आला. बंब स्वयंपाकघरामागच्या पडवीतून उठून परसात, उघड्यावर गेला. आता तो रविवारी आणि सणावारी पेटतो. एरवी पाच वाजता गीझरचे बटण सासूबाईच दाबतात. दुसऱ्या कोणी दाबलेले त्यांना चालत नाही. खोकला थोडा उतरला आहे.

कारागीर मजुरी घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी विचारले, "जुनी नळी कुठे आहे?" ती तराजूत घातली गेली, आणि तिच्या तांब्याचे पैसे मजुरीतून वजा झाले.