‘थ्री नॉट थ्री’ २६/११ला अपुरी का पडली?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात शिरलेल्या दोन दहशतवाद्यांकडे एके-४७ होत्या. रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची ‘थ्री नॉट थ्री’ हाती घेऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पण ही लढत बरोबरीची नव्हती. असं का?

.३०३ हे या रायफलीच्या नळीचं इंचातलं माप, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. ब्रिटिश लष्कराने ही ली-एनफिल्ड रायफल १८९५मध्ये स्वीकारली. पुढे ती बंगालमधल्या इशापूर कारखान्यातही तयार होऊ लागली.

तिची रचना ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ प्रकारची आहे. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ उचलून मागे ओढायची. मग रिकामी पुंगळी बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलला की नवं काडतूस नळीत बसतं. मॅगझिनमध्ये गोळ्या दहाच. एके-४७च्या मॅगझिनमध्ये साधारण तीस असतात आणि चाप दाबून धरला की त्या सलग सुटतात.

थ्री नॉट थ्रीचा नेम पक्का आणि पल्लाही लांबचा. कमतरता होती ती वेगाची. १९६२च्या चीन युद्धानंतर लष्कराने ती बदलली, पोलिसांच्या खांद्यावर मात्र ती राहिली.