जुन्या वास्तूत कलेला जागा

सांगवीहून आम्ही बोलतो आहोत. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधलं आमचं गाव आता शहरात मिसळून गेलं. शेतं गेली, इमारती आल्या. तुमच्या गावात मात्र अजून एखादा वाडा, चावडी नाहीतर जुनी शाळा उभी असेल. दाराला कुलूप, छप्पर गळतंय आणि ‘पाडून टाका एकदाची’ असं कुणीतरी म्हणतंय. पाडण्याआधी एक विचार करू. तिथं भजन, भारूड, नाटक किंवा रांगोळीचं प्रदर्शन होऊ शकेल का?

मुंबईचं उदाहरण घ्या. रीगल सिनेमाजवळ सर कावसजी जहांगीर हॉल आहे, १९११ साली बांधलेला. तिथं मोठ्या सभा आणि संगीताचे कार्यक्रम होत. पुढे शहरात जास्त सोयीची सभागृहं झाली आणि हा हॉल मागे पडला. मग मुष्टियुद्धाच्या लढती, लग्नाचे स्वागतसमारंभ, वस्तूंचे सेल, जो भाडं देईल त्याला तो मिळू लागला. पिलू पोचखानावाला या शिल्पकार बाईंनी आणि त्यांच्या सोबतच्या कलाप्रेमींनी आग्रह धरला, की इथं कलेचं संग्रहालय व्हावं. कामाला सुमारे बारा वर्षं लागली. बाहेरची इमारत तशीच ठेवून आतल्या उंच हॉलमध्ये अर्धगोल दालनं एकावर एक रचली. १९९६ साली तिथं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं. पिलूबाई १९८६ मध्येच गेल्या, त्यांना ते पाहायला मिळालं नाही. पण त्यांनी धरलेला आग्रह मागे राहिलेल्यांनी सोडला नाही.

आपल्या गावात इतका पैसा नसतो. तरी कामाचा क्रम तोच.

पहिलं, जागा कुणाची? ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा पाहा. शाळा असेल तर जिल्हा परिषदेकडे विचारा. खासगी वाडा असेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती हवी. मालकी स्पष्ट नसताना वर्गणीचा एक रुपयाही खर्च करू नका.

दुसरं, इमारत किती भक्कम आहे? हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आधी कुजतात, वाळवीही तिथंच लागते. माडीवर गर्दी करू नका. बसलेल्या माणसांपेक्षा एका ठेक्यात नाचणाऱ्या बायकांचा ताण कडीपाटावर जास्त येतो. वाड्याचा चौक हाच रंगमंच करा, भोवतीच्या सोप्यात बायका-पोरं बसतील.

तिसरं, डागडुजी. जुन्या भिंती माती-चुन्यात बांधलेल्या असतात. त्या ओल घेतात आणि हळूहळू वाळतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, भिंत पोखरते. म्हणून चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा. छप्पर आधी, रंगरंगोटी शेवटी.

चौथं, सुरक्षितता. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभारलेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली आणि आतला बराचसा भाग जळून गेला. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षं जपलेली जागा अशी एका रात्रीत जाते. म्हणून वायरिंग नवं करा, बाहेर पडायला दोन दारं मोकळी ठेवा, आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवंच. ते नसेल तर संध्याकाळच्या कार्यक्रमाला आपणच येणार नाही.

पाचवं, रोजचा सांभाळ. किल्ली कुणाकडे, झाडलोट कोण करणार, वीजबिल कशातून भरणार, हे उद्घाटनाआधी लिहून ठेवा. महिन्याला ठरलेला एक तरी कार्यक्रम हवा. वापर थांबला की तिथं पोती आणि मोडक्या खुर्च्या येऊन पडतात.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथं हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं ते विचारा. एकदा विचारून भागत नाही. मुंबईत बारा वर्षं लागली, आपणही दमानं घेऊ.

आमच्या सांगवीत पाडलेले वाडे आता परत येणार नाहीत. तुमचा अजून उभा आहे. या पावसाळ्याआधी त्याचं छप्पर तेवढं बघा.