कान जागा, नाक झोपलेले!

रेल्वेलाइनच्या कडेला राहणाऱ्या घरांत एक गंमत नेहमी पाहायला मिळते. मध्यरात्री खिडकीखालून मालगाडी धडधडत जाते, मांडणीवरची भांडी थरथरतात, तरी घरातले कुणी कूससुद्धा बदलत नाही. दचकून उठतो तो नवखा पाहुणा! आणि त्याच घरात पाळण्यातले मूल नुसते कुरकुरले, तरी त्याची आई चटकन जागी होते. झोपलेल्या माणसाला कुठल्या आवाजाला उठायचे आणि कुठल्या नाही, हे कळते तरी कसे?

झोप म्हणजे मेंदूचे दुकान बंद, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दुकानाचे दार नुसते लोटलेले असते. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून निघालेले संदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या केंद्रात येतात आणि तिथून मेंदूच्या बाहेरच्या थराकडे रवाना होतात. झोपेत या केंद्रावर बंदोबस्त वाढतो. बहुतेक संदेश तिथूनच परत जातात, पण महत्त्वाचे वाटले तर आत सोडले जातात. १९६० मध्ये इयान ऑस्वाल्ड या ब्रिटिश संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह झोपलेल्या माणसांना टेपवरून नावांची यादी ऐकवली. परक्या नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांच्या मेंदूने अधिक वेळा प्रतिसाद दिला. म्हणजे झोपेतही कान शब्द निवडत होता! ‘अहो, दार वाजतंय’ यापेक्षा नावाने मारलेली हाक लवकर जागे करते, ते उगीच नाही.

आता नाकाची गोष्ट. ही मात्र गमतीची नाही.

‘घरात काही जळले तर वासाने जाग येईलच की,’ असे आपण सगळेच गृहीत धरतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कार्सकाडन आणि रेचल हर्झ यांनी हे गृहीतक तपासून पाहिले. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोजक्या तरुण-तरुणींना प्रयोगशाळेत झोपवून त्यांच्या नाकाशी दोन वास सोडण्यात आले, एक पेपरमिंटचा आणि दुसरा पिरिडिन या उग्र, घाणेरड्या वासाच्या रसायनाचा. डोळा नुकताच लागत असताना ती मंडळी वासाने जागी झाली. झोप जरा लागल्यावर पेपरमिंटचा उपयोग संपला. पिरिडिनने हलक्या झोपेत काही वेळा जाग आली, गाढ झोपेत एकदाही नाही. त्याच माणसांना आवाज ऐकवला, तेव्हा मात्र ती उठत होती.

असे का व्हावे? वासाची वाट इतर इंद्रियांहून वेगळी आहे. नाकातला संदेश थॅलॅमसच्या फाटकावर न थांबता थेट मेंदूच्या जुन्या भागांत पोहोचतो. तिथे भावना आणि आठवणी यांचा कारभार चालतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला या पाहुण्याची वर्दीच मिळत नसावी, असा एक तर्क आहे.

वास आत शिरतो हे मात्र खरे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत धूम्रपान करणाऱ्यांना झोपेत सिगारेटच्या वासाबरोबर कुजक्या मासळीचा किंवा सडक्या अंड्याचा वास देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सकाळी त्यांना काहीही आठवत नव्हते, पण पुढचे काही दिवस त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या! नाक झोपेत शिकते, पण मालकाला उठवत नाही. (यावरून घरच्या घरी यजमानांवर प्रयोग करण्याचा मोह कृपया टाळावा.)

आपल्या घरांत याचा संबंध कुठे येतो, ते सांगायलाच हवे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. पण ही सारी योजना जाग्या माणसासाठी आहे! हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत स्वयंपाकघरातच अंथरुणे पडतात. म्हणून निजण्यापूर्वी नुसते शेगडीचे बटण नव्हे, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. पहाटे उठल्यावर वास आलाच, तर विजेचे बटण चालू वा बंद न करता दारे-खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा. थंडीत उत्तर भारतात बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून झोपतात, तिथे तर धोका आणखी मोठा आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मुळी वासच नाही. दरवर्षी हिवाळ्यात त्यापायी माणसे झोपेतच दगावतात.

नाक असे निजलेले, तेव्हा रात्रीची सारी भिस्त कानावर. आणि तोच कान आपण काही वेळा औषधाने बंद करतो.

१९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले. त्यांच्या कुळातल्या गोळ्या मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. पहारेकऱ्यालाच गुंगी चढली, की त्याला उठवायला अधिक मोठा आवाज लागतो. दारूचेही तेच. वर ती उत्तररात्रीची झोप मोडून टाकते, हे निराळेच. दोन्ही एकत्र घेणे तर सरळ जिवाशी खेळ, कारण श्वासही मंदावतो.

झोलपिडेम ही नंतरची गोळी सौम्य मानली जात असे. पण स्त्रियांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, सकाळीही तिचा अंमल उरतो, हे लक्षात आल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी तिची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला सांगितले. आपल्याकडे अल्प्राझोलम, डायझेपाम, झोलपिडेम ही औषधे एच-१ या परिशिष्टात आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरीही ‘माझ्याकडच्यातली अर्धी घेऊन बघ’ असे म्हणत जावेची गोळी जावेकडे आणि सासूबाईंची विहीणबाईंकडे जातेच!

या गोळ्यांचा सर्वांत जास्त त्रास होतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांना. गोळीच्या गुंगीत लघवीसाठी उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. आजी-आजोबांची गोळी बरीच वर्षे चालू असेल, तर हे वाचून ती उद्यापासून एकदम बंद मात्र करू नका. तशी ती तोडली तर झोप पार उडते, हातपाय कापतात, क्वचित फिटही येते. ती कमी करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडी थोडी, काही आठवड्यांत. तोपर्यंत त्यांच्या खोलीपासून संडासापर्यंत एक मंद दिवा लावून ठेवावा, वाटेतले पायपुसणे काढून घ्यावे, आणि त्यांच्या हाकेच्या टप्प्यात गोळी न घेणारे कुणीतरी झोपावे.